कर्णबधिर विद्यार्थी आणि आपले समारंभ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत, कोप्पीकर रोड, हुबळी येथे, शिक्षण-साहाय्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेत समितीने आपल्या कामाचा आढावा घ्यावा, किती मुलांची फी भरली, किती पुस्तके वाटली याचे आकडे सांगावे, असा रिवाज आहे. ते आकडे याच स्मरणिकेत इतरत्र छापले आहेत. आणि आकडे वाचून दाखविण्याने सभेत कोणाची झोपमोड होत नाही असा आमचा बरीच वर्षांचा अनुभव आहे. म्हणून आज आम्ही एकच विषय घेणार आहोत. तो विषय आमच्याच हातून झालेल्या एका चुकीपासून सुरू होतो.

२०१९ सालच्या आपल्या बक्षीस समारंभात पी.यू.सी.च्या वाणिज्य शाखेत उत्तम गुण मिळविलेल्या एका मुलीचे नाव पुकारले. कोणी उठले नाही. दुसऱ्यांदा पुकारले. सभागृहात थोडी कुजबुज झाली. तिसऱ्यांदा पुकारून झाल्यावर निवेदकांनी "विजेती अनुपस्थित दिसते" असे सांगितले आणि पुढचे नाव घेतले. मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती. तिची आई फराळाच्या व्यवस्थेत भगिनी मंडळींना मदत करावयास आत गेली होती. ती धावत बाहेर आली तोवर दुसऱ्या मुलाला हार घालून झाला होता. मुलगी जन्मतः कर्णबधिर आहे हे समितीला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. तिच्या अर्जावर तसे लिहिले होते आणि त्या अर्जावर शिफारस आम्हीच केली होती. मागाहून तिला व्यासपीठावर नेऊन बक्षीस दिले, टाळ्याही जरा अधिकच वाजल्या. घरी जाताना तिने वहीच्या एका पानावर चार ओळी लिहून आमच्या हाती ठेवल्या. माझे नाव केव्हा येणार हे मला कळले असते तर मी आपली आपण उठले असते, अशा अर्थाच्या त्या ओळी होत्या. त्यांत रागाचा शब्द एकही नव्हता.

ते पान समितीच्या फाइलीत आजही आहे.

आपले हे गाव कानाचे गाव आहे. इकडे कुंदगोळच्या सवाई गंधर्वांची परंपरा, देशपांडे नगरातले गंगूबाई हनगलांचे घर, तिकडे धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू. ज्या घरात गाण्यावरून कधी वाद झाला नाही असे घर आपल्या मंडळींत शोधून काढावे लागेल. मराठीत तर 'ऐकतो' म्हणजे शहाणा मुलगा आणि 'ऐकत नाही' म्हणजे हट्टी! अशा गावात ज्याला ऐकूच येत नाही त्याची अडचण आपल्या ध्यानात येत नाही, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. दृष्टिहीनाच्या हाती पांढरी काठी असते. पायाने अधू असलेल्याला जिना चढताना पाहून आपण आपोआप हात पुढे करतो. कर्णबधिर मनुष्य मात्र सभेत इतरांसारखाच बसलेला असतो. इतर टाळ्या वाजवितात तेव्हा तोही वाजवितो, इतर उठतात तेव्हा उठतो. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या देशात ५० लाखांवर भरली होती. एवढी माणसे आपल्या आसपास असून ती आपल्याला कधी 'दिसली' नाहीत.

पूर्वी आपण सर्रास 'मूकबधिर' म्हणत असू. ट्रस्टच्या जुन्या अहवालांतही तोच शब्द आहे. त्यातला 'मूक' हा भाग खरा नाही हे आम्हाला फार उशिरा कळले. ज्याला भाषा आहे तो मुका कसा? भाषा हातांची असेल, एवढेच.

पुष्कळांना असे वाटते की, बहिरी मुले ओठांकडे पाहून सर्व काही समजतात. त्यांनी घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता, 'पार', 'बार' आणि 'मार' हे तीन शब्द म्हणून पाहावेत. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. ओठ वाचणारा संदर्भावरून अंदाज बांधीत असतो, आणि समोरासमोर, उजेडात, सावकाश बोलणाऱ्या ओळखीच्या माणसाशी तो अंदाज पुष्कळ वेळा साधतोही. सभागृहात वक्ता तीस हात दूर, तोंडापुढे माइक, त्यातून भरघोस मिशा. तेथे अंदाज तरी कशाचा बांधावयाचा?

हातांच्या भाषेला इतकी वर्षे मान का मिळाला नाही, याला एक इतिहास आहे. १८८० साली इटलीतील मिलान शहरी बधिरांना शिकविणाऱ्यांची परिषद भरली. मुलांना तोंडी बोलण्यानेच शिकवावे, खुणांनी नव्हे, असा ठराव तिने केला. ठराव करणारे जवळजवळ सगळेच ऐकू येणारे होते! त्या ठरावाचा परिणाम जगभर झाला. आपल्याकडे मुंबईत बधिरांची पहिली शाळा निघाली ती त्याच दशकात. मुलाने हात हलविले तर त्या हातांवर छडी बसावी, असा प्रकार देशोदेशींच्या शाळांतून चालला. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला तो २०१० साली, कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या तशाच परिषदेत. मध्ये १३० वर्षे गेली. दरम्यान १९६० साली विल्यम स्टोकी या अमेरिकन प्राध्यापकांनी दाखवून दिले होते की, या खुणा म्हणजे हातवारे नव्हेत. त्यांना स्वतःची रचना आहे, नियम आहेत. आपल्या देशात १९७० नंतरच्या काळात मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आदी शहरांतील खुणा गोळा करून त्यांचे कोश केले. वसिष्ठ स्वतः कर्णबधिर. २०१५ साली केंद्र सरकारने दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापिले. त्याच्या कोशात २०१८ साली तीन हजार शब्द होते, २०२१ साली ते दहा हजार झाले.

या भाषेचे व्याकरण ऐकून आमच्यापैकी पुष्कळांना मौज वाटली. 'केव्हा' ते आधी सांगावयाचे, प्रश्नाचा शब्द शेवटी टाकावयाचा, नकारही शेवटी. म्हणजे ही भाषा इंग्रजीपेक्षा आपल्या मराठीच्या जवळ बसणारी. भुवया वर गेल्या की विधानाचा प्रश्न होतो. भुवई हेच तिथले प्रश्नचिन्ह! गावोगावी शब्दांत फरक आहे, पण हुबळीचा मुलगा कोल्हापूरच्या मुलाला भेटला तर दोघांचे बोलणे अडत नाही. कन्नड-मराठीचा वाद अद्याप त्यांच्या हातांपर्यंत पोचलेला नाही, हे त्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

असो. आता मूळ विषयाकडे येतो.

२०२४ साली ती मुलगी एम.कॉम.च्या वर्गात होती. तिच्या कॉलेजचे नाव घेण्याचे कारण नाही. स्नेहसंमेलन जवळ आले होते आणि तिला ते पाहावयाचे होते. नुसते बसावयाचे नव्हते, पाहावयाचे होते. आम्ही प्राचार्यांना भेटलो. गृहस्थ सज्जन. त्यांनी चहा मागविला आणि म्हणाले, "वर्गात तिच्या मैत्रिणी वही उतरवून देतात, परीक्षेस जादा वेळ मिळतो. संमेलनाला दुभाषी कशाला? तो तर करमणुकीचा कार्यक्रम." हा प्रश्न त्यांनी दुष्टपणाने विचारला नव्हता, आणि पाच वर्षांपूर्वी आम्हीही तोच विचारला असता. आम्ही त्यांच्यापुढे अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ठेवला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या सोळाव्या कलमात सरकारमान्य शिक्षणसंस्थांनी अपंग विद्यार्थ्यांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा एवढेच म्हटलेले नाही. शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणूक यांचीही संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी असे म्हटले आहे, आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी असेही. 'करमणूक' हा शब्द कायद्यात पाहून प्राचार्यांना आश्चर्य वाटले. खरे सांगावयाचे तर आम्हालाही आदल्या आठवड्यात तितकेच वाटले होते.

पण हे काम कॉलेजात कोणाचे? जिमखाना म्हणे कार्यालयाचे, कार्यालय म्हणे प्राचार्यांचे, प्राचार्य म्हणत सांस्कृतिक समितीचे. मंडपवाला कोण बोलावतो, माइक कोण सांगतो, हे प्रत्येक संस्थेत ठरलेले असते. दुभाषी कोण बोलावतो, हे कोठेच ठरलेले नसते; आणि जे कोणाचेच काम नसते ते शेवटच्या दिवशी होत नाही. शेवटी एका तरुण प्राध्यापिकेने ते आपल्याकडे घेतले आणि गाडे हलले. त्या बाईंचे आभार येथे मानले पाहिजेत.

दुभाषी मिळविणे सोपे नाही. देशात शिक्षण घेतलेले दुभाषे मोजके, आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. आम्हाला प्रथम वाटले, बहिऱ्यांच्या शाळेतील एखाद्या शिक्षकांना विनंती करावी. त्या शिक्षकांनीच आमची समजूत घातली की, शिकविणे निराळे आणि दुसऱ्याचे बोलणे त्याच क्षणी, त्यात आपले पदरचे काही न घालता, हातांनी पोचविणे निराळे. दोन वर्षांची पदविका आहे त्याची. मग बंगळूरहून दोघांना बोलाविले. २७ जून २०२३ पासून धारवाडपर्यंत वंदे भारत गाडी सुरू झाल्यामुळे येणे सोयीचे झाले. तरी कार्यक्रम सायंकाळचा, म्हणून मुक्काम आलाच.

"दोघे कशाला?" हा प्रश्न आम्हाला सर्वांत अधिक वेळा विचारण्यात आला. पखवाजियाला हात दुखतात हे आपल्याला पटते, म्हणून तोच दाखला देतो. येथे हात तर दुखतातच, पण डोके त्याआधी थकते. कान एक भाषा ऐकतात, हात दुसरी बोलतात, आणि वक्ता कोणासाठी थांबत नाही. वीस मिनिटांच्या आसपास माणूस थकला की चुका होऊ लागतात, आणि चूक झाली हे सभेत कोणाला कळतही नाही. म्हणून तासाभराहून मोठ्या कार्यक्रमाला दोघे लागतात. एक बोलतो तेव्हा दुसरा त्याला सुटलेला शब्द पुरवितो. आमच्या कीर्तनात मागे झील धरणारा असतो, तसेच काहीसे.

दुभाष्यांनी पंधरा दिवस आधी कार्यक्रमाची संहिता मागितली. नाटकाची मिळाली, गीतांची मिळाली, अहवालाची आदल्या रात्री मिळाली. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची मिळाली नाही, कारण पाहुणे आयत्या वेळी बोलतात. विशेषनामे आधी कळली नाहीत तर ती बोटांनी अक्षर-अक्षर लिहावी लागतात, आणि आपल्या सभांतून नावे काय थोडी असतात? आभारप्रदर्शनात चाळीस नावे आली. दुभाषी बाईंची बोटे आम्हाला आजही आठवतात.

दुसरी गोष्ट जागेची. संयोजकांनी दुभाष्यांना व्यासपीठाच्या कोपऱ्यात, समई आणि फुलांच्या परडीमागे उभे केले होते. समोरून शोभा बिघडू नये म्हणून. मुलीने स्वतः जाऊन खूण केली, जागा बदलून घेतली. वक्ता आणि दुभाषी एका नजरेत दिसले पाहिजेत. दुभाष्याच्या अंगावर एकरंगी, हातांहून वेगळ्या रंगाचे कपडे हवेत. मागे झगझगीत पडदा नको. हे सर्व आम्ही तिच्याकडून शिकलो, पुस्तकातून नव्हे. नाटक सुरू झाले आणि सभागृहातले दिवे मालवले. त्याबरोबर दुभाषीही अंधारात गेले! कोणाच्याच हे ध्यानात आले नव्हते. एका विद्यार्थ्याने जवळच्या फोटो स्टुडिओतून दिवा आणला, तोवर पहिला प्रवेश संपला होता. तो प्रवेश तिला आजवर कळलेला नाही.

दुसऱ्या प्रवेशात एका पात्राने सासऱ्याची नक्कल केली आणि सभागृह हसले. तीन-चार सेकंदांनी ती हसली, एकटीच, मोठ्याने. पुढच्या रांगेतील लोकांनी वळून पाहिले. वाक्य ऐकून, समजून हातांत उतरवावयास तेवढा वेळ लागतोच. पाच वर्षे आम्ही तिला कार्यक्रमांत पाहत आलो होतो. इतरांच्या चेहऱ्याकडे पाहून हसावयाचे, इतरांबरोबर थांबावयाचे, अशीच तिची रीत होती. त्या दिवशी ती प्रथमच चुकीच्या वेळी हसली.

हे सगळे गोड झाले असे वाटत असेल तर पुढचे ऐकावे. त्याच कॉलेजात दुसरा एक विद्यार्थी होता. दहावीच्या वर्षी तापात त्याचे ऐकणे गेले. त्याला खुणांची भाषा येत नाही, आणि ती त्याने का शिकावी हेही त्याला पटत नाही. दोन दुभाषे समोर उभे असून त्याला त्यांचा उपयोग शून्य. आम्ही तर समजत होतो की, दुभाषी आणला की सर्व बहिऱ्यांची सोय झाली. त्याला विचारावयाचे आम्ही विसरलो होतो. जे जन्मापासून खुणांत वाढले त्यांना दुभाषी हवा. जे मागाहून बहिरे झाले, ज्यांना थोडे ऐकू येते, जे यंत्र लावतात, त्यांना पुष्कळदा अक्षरे हवीत. बोललेले शब्द त्याच क्षणी पडद्यावर लिहून दिसावेत, एवढेच त्यांचे मागणे. आपल्या रेल्वे स्टेशनाचे उदाहरण घ्या. १५०७ मीटर लांबीचा, जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. त्या फलाटावर ध्वनिक्षेपक कितीही ओरडला तरी या मुलाला गाडी कळते ती वरच्या पाटीवरून. सभागृहात अशी पाटी हवी.

ही अक्षरे उमटविण्याची पद्धत परदेशांत बरीच जुनी आहे. तेथे लघुलेखक एका निराळ्या यंत्रावर एकाच वेळी अनेक कळा दाबून शब्दच्या शब्द उमटवितो. मराठी-कन्नडसाठी असा माणूस आम्हाला कोठे मिळाला नाही. मग यंत्राकडे वळलो. फोनमधली बोललेले लिहिण्याची सोय २०१७ साली मराठी आणि कन्नड शिकली. आता तर ती फुकट आहे. गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिक सभेत आम्ही तिचा प्रयोग केला, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

त्या प्रयोगाची फजिती सांगितली पाहिजे. आपल्या सभेत वक्ता मराठीत सुरू करतो, हिशेब इंग्रजीत सांगतो आणि विनोद कन्नडमध्ये करतो. यंत्राला एकावेळी एक भाषा सांगून ठेवावी लागली होती. कन्नड वाक्य आले की ते बिचारे मराठी अक्षरांत काहीतरी लिहीत सुटे. 'गिरमिट' या आपल्या आवडत्या पदार्थाचे 'गिर मीठ' झाले. आणि "कोप्पीकर रोडवरील आपले कार्यालय" हे शब्द पडद्यावर "कॉपी कर रोडवरील आपले कार्यालय" असे उमटले, तेव्हा शिष्यवृत्ती घ्यावयास आलेली सगळी मुले खो-खो हसू लागली. हसण्याचे कारण त्या बहिऱ्या मुलालाही त्याच क्षणी कळले, एवढे त्या यंत्राचे पुण्य.

त्यातून आम्ही काही शिकलो. यंत्र सभागृहातला घुमणारा आवाज ऐकून लिहीत होते, म्हणून निम्म्या चुका. पुढे माइकची तार थेट त्याला जोडली तेव्हा त्या पुष्कळ कमी झाल्या. जे आधी लिहिलेले आहे, जसे स्वागत, अहवाल, ठराव, बक्षिसांची नावे, ते यंत्रावर सोडूच नये. ते टाइप करून ठेवावे आणि वक्ता वाचील तसे पुढे सरकवावे. उरलेल्या भागासाठी मराठी-कन्नड दोन्ही जाणणारा एक जण यंत्राजवळ बसून चुका दुरुस्त करील तर काम भागते. आपल्या तरुण मंडळींतील दोघी हे काम आता सफाईने करतात. दोन वक्ते एकाच वेळी बोलू लागले म्हणजे मात्र त्यांचाही नाइलाज होतो. त्यावर उपाय वक्त्यांच्या हाती आहे.

आणखी एक गोष्ट घडली, ती आम्ही अपेक्षिली नव्हती. पडद्याकडे सर्वांत अधिक वेळ कोण पाहत होते? पहिल्या दोन रांगांतील आपली वडीलधारी मंडळी. श्रवणयंत्र घरी कपाटात ठेवून सभेस येणारे आपल्यांत किती आहेत हे त्या दिवशी कळले. आम्ही कोणाची नावे घेत नाही. विश्वस्त मंडळींकडे तर पाहतही नाही.

आता पैशाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण याच विषयावर समितीत दोन बैठका कडाक्याच्या झाल्या. संमेलनाच्या दोन्ही दुभाष्यांचे मानधन, प्रवास आणि मुक्काम ट्रस्टने दिला. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "एका मुलीच्या एका सायंकाळसाठी एवढा खर्च? यात एका गरीब मुलाची वर्षाची फी भरली असती." हा प्रश्न फुंकर घालून उडविण्यासारखा नाही. ट्रस्टचा पैसा आपल्या वाडवडिलांनी दुकानांच्या गल्ल्यांतून बाजूला काढलेला आहे, आणि फी भरावयाची राहिलेला मुलगा प्रत्येक वर्षी दारात उभा असतोच.

यावर समितीतील आमच्यापैकी बहुतेकांचे म्हणणे असे. त्या मुलीची फीदेखील आपणच भरली होती. फी भरून जे विकत घ्यावयाचे त्यातला निम्मा भाग तिच्यापर्यंत पोचतच नसेल, तर ती फी निम्मी वाया गेली. कॉलेज म्हणजे वर्ग आणि परीक्षा एवढेच नव्हे. पाहुण्यांचे व्याख्यान, वादविवाद, निवडणुकीची सभा, नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या बैठका, शेवटच्या दिवसाचा निरोप समारंभ, हेही कॉलेज आहे. माणसे एकमेकांना तेथे भेटतात. तिला पुढे नोकरी कोण देणार? तिला ओळखणारा कोणी तरी.

आणि दुसरे असे की, हा खर्च ट्रस्टचा नव्हेच. समारंभ जो करतो त्याचा तो आहे. मंडप, वीज, हार, शाली यांचा खर्च आपण पाहुण्यांकडून घेत नाही. तसाच हाही. ट्रस्टने पहिल्या वर्षी हात दिला तो रीत पडावी म्हणून. पुढच्या वर्षी कॉलेजने निम्मा दिला. येत्या वर्षी पूर्ण देण्याचे कबूल केले आहे, लेखी. कबूल केलेले सगळेच होते असे नाही, हे आम्ही जाणतो.

याच राज्यातले एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. बंगळूरच्या अधिवक्त्या सारा सनी या कर्णबधिर आहेत. २२ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांनी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यापुढे, सर्वोच्च न्यायालयात, दूरदृश्य पद्धतीने आपले म्हणणे हातांनी मांडले, आणि दुभाषी सौरव रॉयचौधरी यांनी ते बोलून दाखविले. त्या दिवशी दुभाषी वकिलांच्या बाजूने आणलेला होता. पुढल्याच महिन्यात न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतःच दुभाषी नेमला. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटकाच्या उच्च न्यायालयातही त्यांनी याच रीतीने बाजू मांडली. दुभाषी आणण्याचे काम बाईंच्या खांद्यावरून न्यायालयाच्या खांद्यावर गेले, ही यातली आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट. देशातील सर्वांत मोठ्या सभागृहाला जे जमले ते हुबळीतल्या कॉलेजांना आणि आपल्या ट्रस्टला न जमण्यासारखे नाही.

ज्येष्ठ सभासदांचे पूर्ण समाधान झालेले नाही. ते आजही येथे उपस्थित आहेत आणि त्यांचा मतभेद इतिवृत्तात नोंदलेला आहे. तथापि समितीने बहुमताने दोन ठराव विश्वस्त मंडळापुढे ठेवले आहेत, ते सभेच्या माहितीसाठी सांगतो. सुवर्णमहोत्सवी निधीच्या व्याजातून एक लहान रक्कम दरवर्षी या कामासाठी वेगळी ठेवावी. ज्या कॉलेजला पहिल्यांदाच असा समारंभ करावयाचा आहे त्याला त्यातून एकदाच, फक्त एकदाच, मदत द्यावी. आणि ट्रस्टचा स्वतःचा कोणताही जाहीर समारंभ यापुढे या सोयीवाचून होऊ नये. त्याचा खर्च समारंभाच्याच अंदाजपत्रकात धरावा, मदत म्हणून नव्हे.

आज येथे माझ्या उजव्या हातास उभ्या असलेल्या दोन भगिनी आपण पाहत आहात. त्या गेली वीस-पंचवीस मिनिटे आमचे हे लांबलेले बोलणे हातांनी सांगत आहेत आणि मध्ये एकदा त्यांनी जागा बदलली. आमच्या भाषणाची प्रत त्यांना दहा दिवस आधी दिली होती. तिच्यात नसलेली दोन-तीन वाक्ये आम्ही मध्येच घुसडली, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो.

२०१९ साली जिचे नाव तीनदा पुकारावे लागले ती मुलगी आज समितीची सभासद आहे. पुढील महिन्याच्या बक्षीस समारंभाची निमंत्रणपत्रिका तिच्याकडेच सोपविली आहे. पत्रिकेवर तिने एक ओळ घातली आहे: "ज्यांना सांकेतिक भाषेतील दुभाषी अथवा पडद्यावरील अक्षरे हवी असतील त्यांनी समारंभापूर्वी पंधरा दिवस कार्यालयात कळवावे." छापखान्याच्या मालकांनी ही ओळ अगदी तळाला, बारीक अक्षरांत, 'कळावे, लोभ असावा' याच्याही खाली लावली होती. तिने प्रूफ परत पाठविले आहे. ओळ दिनांक आणि स्थळ यांच्या लगेच खाली यावयाची आहे.